परस्पर केलेली क्षमा

आमचे वडील मंडळीचेही वडील होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या पंथात देवळाच्या कारभाराला पाळकसाहेबांच्या जोडीने पाच-सहा प्रौढ पुरुष निवडलेले असत, त्यांना ‘वडील’ म्हणायचं. प्रवचन पाळकांनी करायचं, बाप्तिस्मे आणि लग्नंही त्यांनीच लावायची. पण प्रभुभोजनाच्या भाकरीला कोण लायक आणि कोण नालायक, हे पाळक आणि वडील मिळून ठरवत. बाबा मिशनच्या छापखान्यात बाइंडर होते. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास येई, आणि नखांच्या कडांना पुठ्ठ्यांच्या कापडाचा रंग लागलेला असे. आठवडाभर मान खाली घालून पुस्तकं शिवणारा हा अबोल माणूस रविवारी काळा कोट चढवून, भाकरीचं ताट दोन्ही हातांनी धरून बाकांमधून चालू लागला, की मला ऊर भरून आल्यासारखं व्हायचं. वाटायचं, देव दिसत नाही तो नाही, पण त्याच्या पंगतीत वाढणारा माणूस आमच्या घरचा आहे.

नागपुरातल्या आमच्या देवळाच्या मागे आठ बिऱ्हाडांची एक लांबट कौलारू इमारत होती. तिला आम्ही ‘कंपाउंड’ म्हणत असू. इमारतीच्या पाठीला छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे कोष्ट्यांची गल्ली. तिथे हातमाग दिवसभर चालत, खटक-खट्, खटक-खट्. रविवारी त्यांना सुट्टी नव्हती. इकडे पाळकसाहेब ‘आपण निःशब्द प्रार्थना करू’ म्हणाले की सगळं देऊळ गप्प होई आणि मग तो मागांचा आवाज एकदम मोठा ऐकू येई. काही बायकांना त्याचा राग यायचा. मला तो आवडायचा, कारण निःशब्द प्रार्थनेत काय म्हणायचं असतं ते मला कधीच सुचलं नाही.

आमच्या घरात दोन मराठी बोलल्या जात. देवाशी बोलताना बाबा ‘मला’, ‘तुला’ म्हणत, आणि ‘आमेन’ झालं की लगेच आईला म्हणत, “मले पानी दे.” शनिवारी संध्याकाळी मटण येई, कारण रविवारी खरेदी करणं पाप. आई ते हळद-मीठ लावून रात्रीच शिजवून ठेवी आणि रविवारी देवळातून आल्यावर फक्त रस्सा करी: भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, आणि जाळ लागेल एवढी तिखट मिरची. थंडीच्या दिवसांत संत्रेवाली दारावरून ओरडत जाई. इतर सहा दिवस आम्ही तिच्या टोपलीवर तुटून पडायचो, सातव्या दिवशी तोंड फिरवून बसायचो. एवढ्याएवढ्याशा गोष्टीत केवढं पाप भरलेलं होतं! पत्ते पाप, सिनेमा पाप, पलीकडच्या सरूबाईने दिलेला गणपतीचा मोदक खाणं पाप. बाळ जन्माला आलं की तेही पापी, कारण कुणा पहिल्या जोडप्याने फळ खाल्लेलं. आज मला राग येतो तो याचाच, की दोन दिवसांच्या तान्ह्याला बिनदिक्कत पापी म्हणणारी हीच माणसं, एका थोराड पुरुषाने बायकोला मारलं तेव्हा म्हणाली, ‘तो मोहात पडला.’

ही गोष्ट माझी म्हणण्यापेक्षा सुमतीताईची आहे. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नाआधी मिशनच्या मुलींच्या शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. उंच, सावळी, आणि हसण्याच्या बाबतीत अगदी बेभरवशाची. कुठे हसू येईल ते तिलाच माहीत नसे. तिचं लग्न जयवंतभाऊजींशी झालं तेव्हा कंपाउंडातल्या सगळ्या आयांनी कौतुकाने कानशिलांवर बोटं मोडली. भाऊजी मिशनचे प्रचारक होते. गोरेगोमटे, स्वच्छ धोतर, काळी टोपी, आणि गळा असा की हार्मोनियमवर बोटं ठेवून त्यांनी भजन सुरू केलं की पलीकडचे कोष्टीसुद्धा माग थांबवून भिंतीशी येऊन उभे राहत. मला पेटीवर सा-रे-ग-म त्यांनीच शिकवलं. मी त्यांची भक्त होते म्हटलं तरी चालेल. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे घडलं त्यावरून कोणी म्हणेल की हिला पहिल्यापासूनच आकस होता. नव्हता.

त्यांची नेमणूक वाडीला होती. तेव्हाची वाडी म्हणजे नागपूरबाहेर अमरावती रस्त्यावरचं लहानसं खेडं. ताई दोन-तीन महिन्यांनी एकदा यायची, आणि दर वेळी थोडी कमी हसायची. आईने विचारलं की म्हणायची, “तिकडची हवा मानवत नाही.” हवेने कपाळाला टेंगूळ येत नाही, हे आईला कळत असणारच. पण तिने पुढे विचारलं नाही आणि ताईने सांगितलं नाही.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी पाळकसाहेबांच्या वर्गात सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी मीच होते. वयात आलेल्या मुलामुलींनी भर मंडळीत उभं राहून आपला विश्वास कबूल करायचा, मगच त्यांना प्रभुभोजन मिळे. त्याआधी तीन महिने पाळकसाहेब दर बुधवारी वर्ग घेत. आम्ही पाच जण होतो. प्रश्नोत्तरं मला झोपेतही पाठ होती. पाळकसाहेब वाईट शिक्षक नव्हते. अवघड गोष्ट ते उदाहरणाने सोपी करत. मनुष्याच्या पापाची शिक्षा देवाच्या पुत्राने कशी भोगली, हे सांगताना ते म्हणाले, “एका शाळेत एका मुलाने दुसऱ्याचा डबा चोरून खाल्ला. नियम असा, की चोराला दहा छड्या. पण मुलगा होता काडीसारखा. तेव्हा मास्तरांनी काय केलं? स्वतःचा हात पुढे केला आणि त्या दहा छड्या आपल्याच हातावर मारून घेतल्या. याला म्हणतात प्रीती. नियमही पाळला, मुलगाही वाचला.”

सगळी मुलं गंभीर झाली. माझ्या शेजारच्या मुलीचे तर डोळे भरून आले. मी विचारलं, “पण साहेब, ज्याचा डबा होता, त्याचं काय झालं?”

“कोणाचं?”

“ज्याचा डबा खाल्ला तो. तो उपाशीच राहिला ना?”

पाळकसाहेब हसले. म्हणाले, “विमल, गोष्टीचा मुद्दा तो नाही.” मीही हसले आणि खाली बसले. खरंच सांगते, त्या दिवशी मला त्यात बंडखोरी वगैरे काही वाटली नव्हती. मला डब्यात काय होतं त्याचीच उत्सुकता होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, फाटकाशी टांगा थांबला आणि त्यातून ताई उतरली. एकटी. पायात चपला नाहीत, आणि डावा हात पदराच्या झोळीत. वाडीहून एका ट्रकवाल्याने तिला शहरात, बर्डीच्या बाजारापर्यंत आणून सोडलं होतं. त्या सरदारजीने तिला वाटेत एक शब्द विचारला नाही, फक्त स्वतःच्या सुराहीतलं पाणी दिलं आणि बर्डीवर टांगेवाल्याला भाडं देऊन बसवून दिलं. त्या माणसाचं नावही आम्हाला कधी कळलं नाही.

हात कोपरात मोडला होता, आणि मोडून चार दिवस झाले होते. हे चार दिवस भाऊजींनी तिला खोलीबाहेर पडू दिलं नव्हतं. हात मोडला त्या दिवशी ते रविवारच्या प्रवचनाची तालीम करत होते, तेवढ्यात दारातून बकरीचं एक करडू आत शिरलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून बें करून ओरडलं. ताईला हसू आलं. एवढंच. त्यांनी तिचा हात पिरगळला आणि तिला उंबरठ्यावर ढकललं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं धरलंय, आता पुरतं सरळ होणार नाही. आणि झालंही नाही. मरेपर्यंत ताईचा तो हात कोपरात दुमडलेला राहिला.

भिंतीपलीकडची सरूबाई आंबेहळद उगाळून घेऊन आली. प्लास्टरवर ती लावता येणार नाही हे कळल्यावर वाटी तशीच हातात धरून ओसरीवर टेकली. सरूबाई आमच्या घरचं पाणीही पीत नसे; तिच्या घरात ते चाललं नसतं. पण ताईच्या केसांतून तिने कितीतरी वेळ हात फिरवला.

“कोनं केलं वं हे?”

ताईच्या आधी मीच म्हटलं, “भाऊजींनी.”

“तो गानेवाला?” सरूबाईने वाटी खाली ठेवली. “माहा नवराही मारते वं. पेऊन आला का मारते. पन तो मारताना देवाचं नाव नाही घेत.”

आता यापुढे जे झालं, ते आठवलं की आज एवढ्या वर्षांनीही माझ्या कानशिलावरची शीर उडते. आठ दिवसांनी भाऊजी नागपुरात आले. ते आमच्या घरी आले नाहीत. ते पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले, त्यांच्या पायांशी बसून रडले आणि आपण देवाचे अपराधी आहोत असं म्हणाले. दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. ती दोन तास चालली म्हणतात. उठले तेव्हा पाळकसाहेबांच्या मते काम झालेलं होतं. पापी पस्तावला, देवाने क्षमा केली, स्वर्गात आनंद झाला. आता उरली ती एक लहानशी बाब, म्हणजे माझी बहीण.

पाळक आणि मंडळीचे वडील यांच्या बैठकीत ठरलं, की भाऊजींनी भर मंडळीत कबुली द्यावी, ताईने उभं राहून क्षमा केल्याचं सांगावं, आणि दोघांनी एकत्र भाकर घेऊन परत वाडीला जावं. बैठकीला बाबा होते. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, काहीच बोलले नाहीत. दिवसही ठरला: आम्हा पाच मुलांना मंडळीत घेण्याचा तोच रविवार. पाळकसाहेब निरोप घेऊन स्वतः घरी आले. आईने त्यांना चहा दिला. ताई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती.

“सुमती,” पाळकसाहेब म्हणाले, “देवाने त्याचं पाप पुसून टाकलं आहे. आता ते धरून ठेवणारी तू कोण?”

“मी?” ताई म्हणाली. “जिले मारलं ती मीच तर आहे, साहेब.”

“मन कठीण करू नकोस, मुली.”

“त्यांनी देवाले विचारलं. तुमाले विचारलं. आता रविवारी मंडळीले विचारतील. मले काहून नाही विचारलं?”

“मंडळीसमोर विचारणारच आहे तो.”

“इथून बंगला दोनशे पावलं आहे. चार दिवस झाले येऊन त्यांना.”

पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत नखाच्या कडेचा रंग काढत होते. मग पाळकसाहेब शांतपणे, अगदी प्रेमाने म्हणाले, “क्षमा न करणं हेही पाप आहे, सुमती. त्याच्या पापाहून ते लहान नाही.”

मी चुलीपाशी बसले होते. त्यांचं ते वाक्य ऐकलं आणि मला एकाएकी तो डबा आठवला. आता त्यात काय होतं ते मला कळलं. गोष्टीत देव होता, पापी होता, नियम होता, छडी होती, प्रीती होती. आणि ज्याला लागलं तो कुठेच नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सगळा व्यवहार पापी आणि देव यांच्यात परस्पर उरकला होता. हात ताईचा मोडला आणि माफी देवाने दिली. देवाचा हात मोडला होता का? मी नंतर पुष्कळ वाचलं, मोठमोठ्या पंडितांचे या विषयावरचे ग्रंथ चाळले. ते फार खोल आहेत असं सांगतात. असतील. पण चुलीपाशी बसून मला पडलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांत सापडलं नाही. दुसऱ्याच्या जखमेची माफी देण्याचा अधिकार देवाने कोणाकडून घेतला? मी नास्तिक कशी झाले असं मला लोक विचारतात. विज्ञान वाचून झालीस का, म्हणतात. नाही. त्या संध्याकाळी, आईच्या चुलीपाशी झाले.

पाळकसाहेब गेल्यावर बाबा फक्त एवढंच बोलले, “सुमे, उभी राह्य. दोन शब्द म्हन. मग मी पाहून घेतो.” काय पाहून घेणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या रविवारी आईने पहाटेच मसाला भाजला होता. जावई उपासनेनंतर आमच्याकडे जेवणार, हेही बैठकीतच ठरलेलं. मला पांढरं पातळ नेसवलं गेलं. देऊळ खच्चून भरलं होतं. असा रविवार रोज येत नाही. भाऊजी पुढे उभे राहिले. ते बोलले, आणि काय सुंदर बोलले! आवाज कापत होता, थांबत होता, पुन्हा उठत होता. ते म्हणाले, मी मेंढरू होतो, हरवलो. क्रोधाच्या मोहात पडलो. माझ्या तारणाऱ्याला मी पुन्हा खिळे ठोकले. हाताचा उल्लेख नाही. चार दिवसांचा नाही. ताईचं नाव नाही. त्या सबंध भाषणात जखम झाली होती ती फक्त देवाला. पुरुष डोळे पुसत होते. माझ्या मागची एक म्हातारी हुंदके देत ‘धन्यवाद प्रभू’ म्हणत होती.

“सुमतीबाई,” पाळकसाहेब म्हणाले, “उभ्या राहा.”

ताई शेवटून दुसऱ्या बाकावर होती. ती उभी राहिली. प्लास्टरचा पांढरा हात पदराबाहेर आलेला. देऊळ गप्प झालं आणि भिंतीपलीकडचे माग ऐकू येऊ लागले.

“माझ्याच्यानं होत नाही,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गेला सगळीकडे. “पुढं जमलं तर करीन. पन आज नाही.”

आणि बसली. बस, एवढंच. तिने कोणाला शाप दिला नाही, भाषण केलं नाही. एका बाईने खरं सांगितलं, की आज माझ्याकडे नाही ते मी कुठून देऊ. पाळकसाहेबांचा चेहरा दुःखी झाला. ते म्हणाले, तर मग आपल्या भगिनीचं मन वळेपर्यंत तिला प्रभूच्या मेजापासून दूर राहावं लागेल. आणि मग त्यांनी भाऊजींचा उजवा हात हातात घेऊन त्यांना सहभागितेत परत घेतलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. मारणारा आत, मार खाणारी बाहेर. पाच मिनिटांत. हार्मोनियमच्या साथीवर.

मग आमची पाळी. मी रांगेत तिसरी होते. तीन प्रश्न असत. देवावर आणि त्याच्या पुत्रावर विश्वास ठेवतेस का? मी ‘हो’ म्हटलं. पाठांतराची जीभ, ती आपोआप वळली. आपण पापी आहोत असं कबूल करतेस का? ‘हो.’ या मंडळीच्या शिस्तीच्या अधीन राहशील का?

“नाही,” मी म्हणाले.

पाळकसाहेबांना वाटलं मी घाबरून चुकले. त्यांनी हसून पुन्हा विचारलं. मला वाटत होतं माझं पातळ सुटणार.

“नाही म्हटलं मी.”

“का?” हे त्यांनी हळू विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं.

मी खूप काही ठरवून आले होते. डब्याचं बोलायचं, मास्तराचं बोलायचं. त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, “ताई खरं बोलली म्हणून तुम्ही तिला बाहेर काढलं.” मग पहिल्या बाकावर बसलेल्या भाऊजींच्या समोरून वळून मी मागे चालत गेले. तेवढं अंतर मी आयुष्यात पुन्हा कधी चालले नाही असं वाटतं. ताईने सरकून मला जागा दिली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान वगैरे नव्हता, उलट भीती होती. कुजबुजली, “पोट्टे, हे काय केलंस वं?”

मग बाबा ताट घेऊन निघाले. बाकामागून बाक. भाकरीचे लहान चौकोनी तुकडे, वर पांढरा रुमाल. आमच्या बाकाच्या कडेला आईची मैत्रीण होती, तिला दिलं. मग त्यांच्यासमोर ताई होती आणि मी होते. ताट थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस रुमाल बाजूला करील आणि आपल्या लेकींना एकेक तुकडा देईल. मला भाकर नको होती, माझा विश्वास त्या संध्याकाळी चुलीपाशीच सुटला होता. पण ती माझ्या बापाने द्यावी असं मला फार वाटत होतं. बाबांनी वर पाहिलं नाही. ते पुढच्या बाकाकडे गेले.

या क्षणाचा राग माझा अजून गेलेला नाही. बाबांवरचा गेला. ज्या शिकवणीने एका भल्या, कोणावर हात न उचललेल्या माणसाला स्वतःच्या जखमी मुलीसमोरून ताट नेणं हे पुण्य आहे असं पटवलं, तिच्यावरचा गेलेला नाही. दुष्ट माणसाने दुष्टपणा केला तर त्याला धर्म लागत नाही. सरूबाईच्या नवऱ्याला कुठे लागला होता? पण चांगल्या माणसाकडून असं करवून घ्यायचं असेल, तर मात्र वेदी लागते, काळा कोट लागतो आणि पांढरा रुमाल लागतो.

उपासना संपल्यावर भाऊजी खरोखरच जेवायला आले! मंडळीने ठरवलं होतं ना. ओसरीवर दोन पाट मांडलेले होते, दोन ताटं, दोन तांबे. बाबा एका पाटावर बसले, भाऊजी दुसऱ्यावर. आतून रश्श्याचा असा घमघमाट येत होता की कंपाउंडातली कुत्री पायरीशी येऊन बसली. भाऊजी गोड आवाजात आईला म्हणाले, “आई, वाढा आता. आपण सगळं विसरू या.”

आईने स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावली.

आईला मी उलट बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. ती मंडळीत गात असे तेही ओठ हलवूनच. ती आत चुलीपुढे बसली, आम्ही दोघी तिच्याजवळ, आणि बाहेर ते दोन पुरुष रिकाम्या ताटांपुढे. बाबांनी एकदा दारावर टकटक केलं. “काहून गा लावली कडी? उघड.” चिडून बाईमाणसालाही, पुरुषांना म्हणायचं ते ‘गा’ म्हणून गेले. आईने आम्हा दोघींना वाढलं, ताईची भाकर स्वतः मोडून कुस्करून दिली, कारण तिला एका हाताने मोडता येत नव्हती. बाहेर पाट सरकल्याचा आवाज आला, मग फाटकाचा. तरीही आई उठली नाही. आमचं जेवण पुरतं होईपर्यंत तिने कडी काढली नाही. त्या दिवशी बाबा संध्याकाळी चारला जेवले, गार रस्सा.

पुढचं थोडक्यात सांगते. मिशनच्या शाळेने ताईला परत घेतलं नाही. नवरा सोडून राहणारी बाई मुलींपुढे आदर्श म्हणून चालणार नव्हती. भाऊजींची नोकरी अबाधित राहिली. काही वर्षांनी ते दुसऱ्या गावी पाळक झाले आणि क्षमेवरच्या त्यांच्या प्रवचनांची ख्याती झाली. खरंच झाली, मी विनोद करत नाहीये. ताईला विचारायला ते कधीच आले नाहीत. पत्रसुद्धा नाही. ताईला धरमपेठेकडच्या नगरपालिकेच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली, आणि तिथे ती निवृत्त होईपर्यंत राहिली. हसू तिला हळूहळू परत आलं. ती देवळात कधीमधी जायची, मागे बसायची, ताट आलं की हात मांडीवर ठेवायची. मला त्याचा राग यायचा. ती म्हणायची, “तुझा देव गेला, माझा आहे. पन त्याच्या कारभाऱ्यांशी माझं जमत नाही.” आम्ही या बाबतीत शेवटपर्यंत भांडलो. मिशनने मला वाचायला शिकवलं, हे मी विसरलेले नाही. पण शिकवलेलं वापरल्यावर त्यांना ते आवडलं नाही, हेही विसरलेले नाही.

आमची राजधानी नागपूरऐवजी मुंबई झाली त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, छापखान्यातली कामं रोडावली आणि बाबा आजारी पडले. फुप्फुसांचं दुखणं. ते ओसरीतल्या खाटेवर पडून असत. तोवर ते मंडळीचे वडील राहिले नव्हते. त्या रविवारनंतर दोनच महिन्यांनी त्यांनी ते सोडलं होतं, कारण कोणाला न सांगता. एक दिवस पाळकसाहेब आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला आले. बाबा म्हणाले, “साहेब, आज राहू द्या. मले आधी दुसरीकडे बोलायचं आहे.” पाळकसाहेब गेल्यावर त्यांनी मला ताईला बोलवायला सांगितलं.

ताई शाळेतून परस्पर आली, पदराला खडू लागलेला. बाबा उठून बसले. मी उशी द्यायला गेले तर हाताने नको म्हणाले.

“सुमे, त्या दिवशी मी तुझ्यासमोरून ताट नेलं.”

“हो, बाबा.”

“त्याच्याबद्दल मी देवाची माफी नाही मागितली. मागावीशी वाटली, पन म्हटलं, आधी तुले विचारतो. तू करतं का मले माफ?”

कोणतीही मुलगी अशा वेळी बापाच्या गळ्यात पडली असती. मीही पडले असते. ताईने पदराचा खडू झटकला. मग म्हणाली, “मले विचार करू द्या, बाबा.”

“कर,” बाबा म्हणाले. “मी आहे.”

ती गेली. आई रडली. मी ताईवर चिडले. आजारी माणसाला असं टांगून ठेवतात का, म्हटलं. बाबा मात्र त्या तीन दिवसांत मला अगदी स्वस्थ वाटले. एकदाही त्यांनी तिची चौकशी केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, ताई आली. खाटेशी खाली बसली. दुमडलेला हात तिने बाबांच्या गुडघ्यावर ठेवला.

“बाबा, केलं माफ,” ती म्हणाली. “खरंच केलं. मनात पाहून पाहून केलं.”

बाबांनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. त्यांनी तो हात आपल्या बोटांनी कोपरापर्यंत चाचपून पाहिला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

“लय दुखते का वं अजून?”

“थंडीत दुखते.”

“बरं. जाय आता,” बाबा म्हणाले. “तुही शाळा भरून राहिली असंल.”